उरलेल्या पानेत्तोनेचा फ्रेंच टोस्ट: प्रमाण, आच आणि हमखास होणाऱ्या चुका

मंद_आच (धागाकर्ती)

पानेत्तोने उरला की त्याचा फ्रेंच टोस्ट करा, असं सगळेच सांगतात. पण साध्या पावाची पाककृती जशीच्या तशी वापरली की टोस्ट बाहेरून काळा, आतून गचगचीत होतो आणि उलटताना त्याचे दोन तुकडे पडतात. पानेत्तोने बिचारा चांगलाच असतो, प्रमाण चुकलेलं असतं. म्हणून हा धागा. ज्यांना पांदोरो, कोलोंबा या इटलीच्या दुसऱ्या सणाच्या गोड पावांचं नीट माहीत आहे त्यांनीही लिहा, मी मूळ पाककृती पानेत्तोनेची देते.

आधी हातात काय आहे ते बघू. पानेत्तोने हा मिलानचा नाताळचा गोड पाव. इटलीत २२ जुलै २००५ च्या सरकारी आदेशाने पानेत्तोने कशाला म्हणायचं ते ठरवून दिलंय: बटर किमान १६ टक्के, अंड्याचा बलक किमान ४ टक्के, बेदाणे आणि साखरेत मुरवलेली संत्र्या-महाळुंगाची साल मिळून किमान २० टक्के, आणि फुगवण्यासाठी नैसर्गिक आंबवण. आता विचार करा, साध्या पावाला फ्रेंच टोस्टच्या मिश्रणातून आपण काय देतो? बलक, स्निग्धांश आणि साखर. हे सगळं इथे आधीच भरलेलं आहे. त्यामुळे मिश्रणात साखर अजिबात नाही, दूध बेताचं आणि आच मंद. बाकी सगळा तपशील या तीन गोष्टींमागून येतो.

साहित्य (१ किलोच्या पानेत्तोनेचा अर्धा भाग, म्हणजे साधारण ६ काप):
पानेत्तोने ४५० ते ५०० ग्रॅम
अंडी ३ (टरफलाशिवाय साधारण १५० ग्रॅम)
दूध १८० मिली, कोमट
फ्रेश क्रीम ६० मिली
मीठ पाव छोटा चमचा
अर्ध्या संत्र्याची किसलेली साल (फक्त केशरी भाग, पांढरा कडू लागतो)
तूप २ मोठे चमचे, बटर १ मोठा चमचा

कृती:
१. काप अडीच सेंटिमीटर जाड करावेत. खालचा कागद आधी काढावा. तो तळाला घट्ट चिकटलेला असतो, ओढून काढला तर कडेचा पापुद्रा त्याच्याबरोबर निघतो. सुरीचं टोक कडेने फिरवून सोडवावा.
२. काप जाळीच्या स्टँडवर ठेवून १२० अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये १२ ते १५ मिनिटं वाळवावेत, मध्ये एकदा उलटावेत. रंग यायला नको, वरून बोट फिरवल्यावर कोरडं लागलं पाहिजे. बाहेर काढून ५ मिनिटं गार होऊ द्यावेत.
३. आधी अंडी आणि मीठ एकजीव फेटावं, मग दूध आणि क्रीम घालावं. मिश्रण बारीक गाळणीतून गाळावं आणि संत्र्याची साल त्यानंतर घालावी, नाहीतर ती गाळणीतच राहते. गाळायची पायरी वगळू नका. न फुटलेले पांढऱ्याचे धागे कापाच्या वरच अडकतात आणि तव्यावर त्यांचे ऑम्लेटसारखे पांढरे चट्टे उठतात.
४. पसरट ताटात मिश्रण घेऊन एका बाजूने ४० सेकंद, दुसऱ्या बाजूने ३० सेकंद भिजवावं. एका कापाने साधारण ६५ ग्रॅम मिश्रण प्यायला हवं.
५. भिजलेला काप २ मिनिटं जाळीवर ठेवावा. जास्तीचं निथळतं आणि उरलेलं आत समान पसरतं.
६. जाड बुडाच्या तव्यावर तूप घालून मध्यमपेक्षा कमी आचेवर पहिली बाजू ४ मिनिटं, दुसरी ३ मिनिटं. शेवटच्या मिनिटाला वासासाठी थोडं बटर.
७. लगेच १६० अंशांच्या ओव्हनमध्ये ६ ते ८ मिनिटं. मध्यभागी तापमान ७१ अंशांच्या वर गेलं की अंडं सुरक्षित शिजलं.

दुधाचं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: एका अंड्यामागे दूध आणि क्रीम मिळून ८० मिली. साध्या पावाला १०० ते १२० मिलीसुद्धा चालतं, इथे नाही.

दातेरी_सुरी

छान धागा. कापण्यावर थोडं जास्त लिहितो, कारण उलटताना तुकडे पडण्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

पानेत्तोने फोडून बघा, आत लांब लांब रेषे दिसतात. ते खालून वर गेलेले असतात. पीठ उंच साच्यात वर चढतं आणि भाजून झाल्यावर पानेत्तोने तळाशी सळया खुपसून उलटा टांगून गार करतात, नाहीतर तो मऊ घुमट स्वतःच्याच वजनाने खाली बसतो. या सगळ्यात जाळी उभी ताणली जाते. म्हणून काप उभे करावेत, रेषे कापाच्या उंचीभर अखंड राहतात. आडव्या गोल चकत्या दिसायला सुंदर असतात, पण त्यांत प्रत्येक रेषा अडीच सेंटिमीटरवर तुटलेली असते. भिजल्यावर अशी चकती उलथण्यावर धरली की मधून फाकते.

त्रिकोणी फोडीही नकोत. त्यांची कड जाड आणि टोक पातळ, त्यामुळे टोकाचा लगदा होतो तेव्हा कड आतून कोरडीच असते. पानेत्तोने वरून खाली उभा अर्धा करा. कापलेल्या सपाट बाजूला समांतर अडीच सेंटिमीटरचे तीन काप काढा. प्रत्येक काप पुन्हा उभा अर्धा करा. सहा तुकडे मिळतात, सरासरी ८० ग्रॅमचे. सर्वांत बाहेरच्या दोन तुकड्यांची एक बाजू पूर्ण तपकिरी सालीची असते, ती मिश्रण आत घेत नाही. तिला काट्याने सात-आठ ठिकाणी टोचा, किंवा हे दोन तुकडे ट्रेमध्ये भाजायच्या प्रकारासाठी बाजूला ठेवा.

सुरी लांब दात्यांचीच हवी. दाबायचं नाही, करवतीसारखी ओढायची. सपाट पात्याने बेदाणा कापला जात नाही, तो पुढे ढकलला जातो आणि मागे भगदाड पडतं.

चिमूटभर

माझा प्रश्न: पानेत्तोने चार दिवसांचा असूनही मऊच आहे. शिळा होण्याची वाट बघू का? फ्रिजमध्ये ठेवला तर लवकर वाळेल का?

मंद_आच

वाट बघू नका, आणि फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नका. पाव शिळा होणं आणि पाव वाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिळा होतो तेव्हा त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट रचना धरू लागतो आणि हे फ्रिजच्या तापमानालाच सर्वांत वेगाने होतं. पाणी तसंच आत राहतं. म्हणजे फ्रिजमधला पानेत्तोने हाताला कडक लागतो, पण मिश्रण शोषायला त्यात वाढीव जागा झालेली नसते. शिवाय गार बटर घट्ट बसलेलं असतं, त्यावरून मिश्रण नुसतं ओघळतं. दूध कोमट, ३५ ते ४० अंश, घ्यायचं तेही याचसाठी.

पानेत्तोनेत बटर आणि साखर इतकी असते की तो साध्या पावासारखा दोन दिवसांत वाळत नाही. कारखान्यात बनलेल्या बऱ्याच पानेत्तोनेत मोनो आणि डायग्लिसराइड असतात, त्यांनी तो आणखी मऊ राहतो. तेव्हा ओव्हनची १२ ते १५ मिनिटं हाच खात्रीचा मार्ग. ओव्हन नसेल तर काप जाळीवर उघडे ठेवून ४ ते ५ तास, दर तासाला उलटून. दमट हवेत हे जमत नाही. मग तव्यावर अगदी मंद आचेवर, तूप न घालता, प्रत्येक बाजू ३ मिनिटं कोरडी करून घ्यावी.

चिमूटभर

समजलं, धन्यवाद. आणि वाळवल्यावर भिजवायची वेळ वाढवायची ना?

मंद_आच

वर दिलेली ४० आणि ३० सेकंद वाळवलेल्या कापाचीच आहेत. अजिबात न वाळवता करायचंच असेल तर प्रत्येक बाजू १५ सेकंद, त्याहून जास्त नाही. घड्याळापेक्षा हाताची परीक्षा चांगली. काप उचलून मधोमध बोटाने हलकं दाबा. दाबलेला खळगा हळूहळू परत वर आला तर बरोबर. वर आलाच नाही आणि बोटाभोवती दूध जमलं तर जास्त भिजलाय. लगेच वर आला तर आत अजून कोरडा आहे.

खरपूस

मुख्य प्रश्नावर येऊ का? बेदाणे.

कापाच्या पृष्ठभागावर जे बेदाणे असतात ते तव्याला थेट टेकतात. भिजवताना ते मिश्रण पिऊन फुगलेले असतात. तव्यावर ते आणखी फुगतात, टम्म होतात, साल फुटते आणि आतला गोड रस तुपात पसरतो. त्या रसात फळसाखर भरपूर असते आणि ती साध्या साखरेपेक्षा कितीतरी कमी तापमानाला काळी पडू लागते. म्हणून पाव अजून फिकट सोनेरी असतानाच बेदाण्याभोवती काळं कडू वर्तुळ तयार होतं. पुढच्या फेरीला तोच काळा रस नव्या कापाला चिकटतो.

यावर उपाय:

वाळवण्याआधी दोन्ही बाजूंचे वर आलेले बेदाणे बोटाने काढून घ्या. एका कापातून आठ-दहा निघतात. आत दडलेले राहू द्या, ते सुरक्षित असतात. काढलेले बेदाणे २ चमचे गरम पाण्यात ठेवा आणि वाढताना वरून घाला. मुरवलेल्या सालीचे मोठे चौकोनही असेच काढा, छोटे राहिले तर चालतात.

दर फेरीनंतर तवा पुसा. किचन टॉवेलची घडी चिमट्यात धरून, तवा गरम असतानाच. मग नवीन तूप.

एकदाच उलटा. पुन्हा पुन्हा उलटलं की बेदाणे सैल होऊन बाहेर येतात आणि काप मोडतो.

आच ओळखायची खूण: तुपात बटरचा लहानसा तुकडा टाकला की त्याला फेस यायला हवा आणि तो फेस अर्ध्या मिनिटात शांत व्हायला हवा, तपकिरी न होता. फेस चुरचुरत लगेच लाल झाला तर तवा जास्त तापलाय, खाली उतरवा. काप ठेवल्यावर आवाज अगदी बारीक, कुजबुजल्यासारखा यावा. तडतड ऐकू आली तर आच कमी करा. तीन मिनिटांनी उलथण्याने एक कोपरा उचलून बघा: कडेला खरपूस रेघ उठलेली आणि मध्ये मधासारखा रंग असेल तर आणखी एक मिनिट आणि उलटा.

दालचिनी

+१, बेदाणे काढून घ्यायचे हे सांगणं फार गरजेचं होतं. तळायला फक्त बटर का नको ते कुणीतरी लिहा.

खरपूस

बटरमध्ये दुधातला घन भाग असतो, तो सात मिनिटं तव्यावर टिकत नाही, तपकिरी होऊन पुढे करपतो. तुपात तो भाग काढून टाकलेला असतो. म्हणून शिजवायला तूप आणि शेवटी वासापुरतं बटर. तूपही थोडंच, एका फेरीला एक छोटा चमचा. पानेत्तोनेमधलं बटर उष्णतेने सुटतं आणि तव्यावर येतंच. जास्त तूप घातलं की काप तेलकट होतो, कारण पिण्याची जागा असते तिथे तो तूपही पितो.

मोजमाप

पांदोरोबद्दल लिहितो. वेरोनाचा हा पाव, दोमेनिको मेलेगात्ती यांनी १८९४ साली त्याचं पेटंट घेतलं. आठ टोकांच्या ताऱ्याचा आकार, आत बेदाणे नाहीत, साल नाही. त्याच २००५ च्या आदेशात पांदोरोला बटर किमान २० टक्के सांगितलंय. जाळी पानेत्तोनेपेक्षा बारीक आणि एकसारखी असते, केकच्या जवळ जाणारी.

याचे दोन परिणाम. बेदाणे नसल्यामुळे करपण्याची भीती कमी. पण लगदा होण्याची भीती दुप्पट. बारीक जाळी स्पंजासारखं ओढून घेते आणि धरून ठेवायला लांब रेषे नसतात.

पांदोरोसाठी माझं प्रमाण: एका अंड्यामागे ६० मिली दूध, क्रीम नाही. बटर आधीच इतकं आहे की क्रीमने तोंडाला चिकटपणा येतो. भिजवणं प्रत्येक बाजू १५ सेकंद. वाळवणं मात्र जास्त, १२० अंशांवर २० मिनिटं.

इथे आडवे कापच बरे. रेषे तोडण्याचा प्रश्न नाही आणि ताऱ्याचा आकार मिळतो. जाडी ३ सेंटिमीटर, कारण अडीचचा मोठा तारा उचलतानाच वाकतो. वरचे छोटे तारे अखंड ठेवा, खालचे रुंद असतात ते मधून अर्धे करा. ताऱ्याची टोकं पातळ असल्यामुळे मध्यभागाच्या आधी लाल होतात, म्हणून तव्यावर प्रत्येक बाजू अडीच मिनिटंच आणि बाकीचं काम ओव्हनमध्ये, १६० अंशांवर ८ ते १० मिनिटं.

पाकिटाबरोबर आलेली पिठीसाखर भुरभुरून झाली असेल तर ब्रशने झटकून टाका. ती आधी वितळून करपते आणि तव्याला चिकटते. साखर टोस्ट ताटात आल्यावर.

दातेरी_सुरी

पांदोरोच्या आडव्या कापांबद्दल पूर्ण सहमत. एक भर: उलटताना एका उलथण्यावर भरवसा ठेवू नका. खालून रुंद उलथणं, वरून दुसरं उलथणं किंवा मोठा चमचा, आणि दोन्हींमध्ये धरून उलटा.

शुक्रतारा

ईस्टरच्या कोलोंबाचाही असाच टोस्ट होतो ना? त्यावर बदामाचा थर असतो त्याचं काय करायचं?

मोजमाप

होतो, आणि माझ्या मते तिघांत सर्वांत चांगला होतो. कोलोंबाचं पीठ पानेत्तोनेच्या कुळातलंच, बटर किमान १६ टक्के. पण पारंपरिक कोलोंबात बेदाणे नसतात, मुरवलेली साल असते, किमान १५ टक्के. म्हणजे करपणारा मुख्य खलनायकच नाही.

वरचा थर काढायचा. तो साखर, अंड्याचा पांढरा, बदाम आणि वर जाडी साखर असा असतो. मिश्रणात बुडवला की विरघळून दूध पाकासारखं गोड होतं, तव्यावर टेकला तर मिनिटात काळा. सुरी आडवी धरून अर्धा सेंटिमीटरचा वरचा पापुद्रा काढा, हाताने चुरा करा आणि टोस्ट ओव्हनमध्ये जाताना शेवटची ३ मिनिटं वर पसरा. कुरकुरीत राहतो आणि वाया जात नाही. बदामाचा थर असलेल्या पानेत्तोनेलाही हेच लागू.

कोलोंबा चपटा असतो, त्याचे काप उभेच पण लांबोडके येतात, बोटांसारखे. ३ सेंटिमीटर रुंदीचे करा आणि चारही बाजू दोन-दोन मिनिटं भाजा.

चिमूटभर

चॉकलेटचे तुकडे असलेला पानेत्तोने चालेल?

खरपूस

चालेल, पण तव्यावर कमी आणि ओव्हनमध्ये जास्त. प्रत्येक बाजू दीड ते दोन मिनिटं, नुसता रंग धरेपर्यंत, मग १६० अंशांवर १० ते १२ मिनिटं. चॉकलेट तव्यावर वाहिलं की करपलेल्या कोकोचा वास पुढच्या सगळ्या कापांना लागतो. आत क्रीम भरलेला पानेत्तोने मात्र टोस्टला घेऊ नका, क्रीम बाहेर येऊन सगळा चिखल होतो. तो तसाच खाल्लेला बरा.

अबोली

अंड्याशिवाय करता येईल का? मिश्रणात कॉर्नफ्लोअर वापरून?

मंद_आच

अबोली, अंडं वर्ज्य असेल तर आधी हे सांगते: पानेत्तोने, पांदोरो, कोलोंबा या तिन्हींत अंडं असतंच, इटलीच्या नियमानुसार असावंच लागतं. त्यामुळे मिश्रणातून अंडं काढून पदार्थ बिनअंड्याचा होत नाही. अंडं चालत नसेल तर पाकिटावर स्पष्ट लिहिलेला बिनअंड्याचा गोड पावच शोधावा लागेल. अंडी घरात नाहीत किंवा अंड्याचा वास नकोसा वाटतो एवढंच कारण असेल तर खालची कृती करा.

४ कापांसाठी दूध २०० मिली, क्रीम ५० मिली, कॉर्नफ्लोअर २० ग्रॅम (गच्च न भरता अडीच मोठे चमचे), मीठ चिमूटभर, संत्र्याची साल. कॉर्नफ्लोअर आधी गार दुधात कालवा. कोमट दूध इथे नको, गुठळ्या होतात. तो तळाशी बसत राहतो, म्हणून प्रत्येक काप बुडवण्याआधी ढवळा. हे विसरलं तर पहिल्या कापाला नुसतं दूध आणि शेवटच्या कापाला खळ मिळते. कॉर्नफ्लोअर घट्ट व्हायला ८५ अंशांच्या वर जावं लागतं, अंड्यापेक्षा जास्त. म्हणून ओव्हनमध्ये १२ मिनिटं तरी हवीत. पोत अंड्याच्या टोस्टइतका हलका येत नाही, खीर घट्ट झाल्यासारखा येतो.

दालचिनी

माझ्याकडे कापच नीट निघाले नाहीत, सगळे तुकडे झालेत. त्यांचं काय?

दातेरी_सुरी

तुकड्यांसाठी ट्रेमध्ये भाजायचा प्रकार. खरं तर माणसं जास्त असतील तेव्हा हाच करावा, तव्याजवळ उभं राहावं लागत नाही.

पानेत्तोनेचे तुकडे ५०० ग्रॅम, प्रत्येकी ३ ते ४ सेंटिमीटरचे. १५० अंशांवर १५ मिनिटं वाळवून घ्या. अंडी ४, दूध ४०० मिली, क्रीम १०० मिली, मीठ पाव छोटा चमचा, साखर नाही. इथे दूध तव्यावरच्या टोस्टपेक्षा जास्त आहे हे बरोबर आहे. उलटायचं नसल्यामुळे तुकडे मोडण्याचा प्रश्न नाही आणि लांब वेळ भाजताना पाणी उडतं.

२ लिटरच्या भांड्याला आतून बटर लावा, तुकडे सालीची बाजू वर करून रचा, मिश्रण ओता, ३० मिनिटं थांबा. मध्ये एकदा उलथण्याने हलकं दाबा म्हणजे वरचे कोरडे राहिलेले तुकडे भिजतील. रात्री रचून फ्रिजमध्ये ठेवून सकाळी भाजलं तरी चालतं. तेव्हा भांडं भाजण्याआधी अर्धा तास बाहेर काढा आणि वेळ ८-१० मिनिटांनी वाढवा.

१७० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं, मधल्या कप्प्यात. पहिली २० मिनिटं उघडं, वर रंग आला की फॉइल सैल झाका. वर उघडे पडलेले बेदाणे इथेही काळे होतात, ते रचतानाच तुकड्यांखाली ढकला. झालं की नाही हे बघायला भांडं हलकं हलवा: मध्यभाग थरथरला पाहिजे, लाटेसारखा हलता कामा नये. थर्मामीटर असेल तर मध्ये ७५ ते ८० अंश. त्याच्या पुढे गेलं की अंडं फाटतं आणि तळाशी पाणी सुटतं. बाहेर काढून १० मिनिटं थांबल्याशिवाय चमचा घालू नका.

खरपूस

वर काय घालायचं यावर माझं मत ठाम आहे: पाक किंवा मध ओतू नका. पाव गोड, बेदाणे गोड, साल गोड. त्यावर पाक म्हणजे दुसऱ्या घासाला कंटाळा. आंबट किंवा गोड नसलेलं काहीतरी हवं. संत्र्याच्या साल काढलेल्या फोडी, आंबट बेरी, किंवा घट्ट मस्कारपोने (क्रीमसारखं मऊ इटालियन चीज). इटलीत पानेत्तोनेबरोबर मस्कारपोनेचं क्रीम खातातच. १२५ ग्रॅम मस्कारपोनेत ६० मिली गार क्रीम घालून हलकं फेटा, साखर नको, संत्र्याची थोडी साल किसा. फेटताना थांबायला शिका, अर्धा मिनिट जास्त झालं की ते रवाळ होतं.

शुक्रतारा

आणि झबायोने (बलक, साखर आणि वाइन फेटून केलेलं फेसाळ क्रीम)? तेही पारंपरिक आहे.

खरपूस

आहे, आणि सुंदर लागतं, पण साखर कमी करून. ३ बलक, ४० ग्रॅम साखर, ७५ मिली कोरडी मार्साला वाइन. उकळत्या पाण्याला भांड्याचा तळ टेकू न देता वाफेवर सतत फेटत राहा, ७ ते ८ मिनिटं. फेटणीची रेघ दोन-तीन सेकंद टिकली की उतरवा. लगेच वाढा, थोड्या वेळाने खाली पाणी सुटतं.

मिश्रणातच मार्साला किंवा रम घालायची असेल तर ३ अंड्यांना १५ मिली, आणि तेवढंच दूध कमी करा. संत्र्याचा रस मात्र मिश्रणात नको, आंबटपणाने दूध-क्रीम फुटू शकतं. वासासाठी साल पुरते.

अबोली

टिकवण्याबद्दलही लिहाल का? पाकीट उघडून झालं की किती दिवस?

मोजमाप

उघडलेला पानेत्तोने त्याच पिशवीत हवा काढून, तोंड घट्ट बांधून, खोलीच्या तापमानाला. ओट्यावर ठेवू नका, शेगडीच्या उष्णतेने बटर सुटतं आणि खवट होतं. कारागिरांनी केलेला, संरक्षक न घातलेला असेल तर ४-५ दिवसांत संपवा. कारखान्यातला थोडा जास्त टिकतो, पण टोस्ट करायचा असेल तर तोही आठवड्याच्या आत घ्या. मिलानमध्ये नाताळच्या पानेत्तोनेचा तुकडा ३ फेब्रुवारीला, सान बियाजो या संताच्या दिवशी, घसा चांगला राहावा म्हणून खायची रीत आहे. इतक्या दिवसांसाठी ठेवायचा तर एकतर बंद पाकीट राखून ठेवा, किंवा काप करून फ्रीझरमध्ये.

फ्रीझरसाठी: काप करा, प्रत्येक दोन कापांमध्ये बटर पेपर, मग हवाबंद पिशवी. २ महिने चांगले राहतात. टोस्ट करताना वितळवत बसू नका. गोठलेले काप थेट १२० अंशांच्या ओव्हनमध्ये २० मिनिटं, वितळणं आणि वाळणं एकत्र होतं.

बुरशीचा एक ठिपका दिसला तरी पूर्ण पानेत्तोने टाकून द्या. जाळी इतकी मोकळी असते की तंतू आतपर्यंत गेलेले असतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. तेवढा भाग कापून उरलेला भाजला, असं करू नका. सालीजवळच्या पिठीसाखरेची आणि बुरशीची गल्लत होते, म्हणून उजेडात बघा आणि वास घ्या.

दालचिनी

आणि केलेला टोस्ट उरला तर? मायक्रोवेव्हमध्ये रबरासारखा झाला.

मंद_आच

मायक्रोवेव्हमध्ये अंडं जास्त शिजतं आणि वाफ आतच राहते, म्हणून रबर. टोस्ट गार करून, केल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा. गरम करताना जाळीवर ठेवून १६० अंशांवर ८ मिनिटं, फॉइल न झाकता. ओव्हन नसेल तर झाकण न ठेवता तव्यावर, अगदी मंद, तूप न घालता, प्रत्येक बाजू ३ मिनिटं.

मूळ धाग्यात दोन बदल करणार आहे: पायरी १ मध्ये उभ्या कापांची सूचना आणि पायरी २ च्या आधी वरचे बेदाणे काढून घेण्याची. पांदोरो आणि कोलोंबाची प्रमाणंही शेवटी जोडणार आहे.

चिमूटभर

वाचनखूण साठवली. एक शेवटचं: जाड बुडाचा म्हणजे लोखंडी तवा की नॉनस्टिक?

खरपूस

पहिल्यांदा करत असाल तर जाड नॉनस्टिक. साखर कुठेतरी सुटतेच आणि लोखंडाला चिकटली की कापाची खालची साल तव्यावरच राहते. लोखंडी तव्याला उत्तम थर चढलेला असेल तर रंग जास्त सुरेख येतो, पण तो उष्णता धरून ठेवतो. दुसऱ्या फेरीपासून आच आणखी कमी करावी लागते. पातळ ॲल्युमिनियमचा तवा नकोच. ज्वाळेच्या वर्तुळाएवढाच गोल डाग कापावर उमटतो आणि बाकीचा फिकट राहतो.